हेलमचं सरकारी झाड

लॅमार जॉर्गनसन अडतीस वर्षं झाड होता. साधंसुधं झाड नव्हे, सरकारी झाड. यूटा राज्याच्या कायद्यात १९३३ सालापासून लिहून ठेवलं होतं की राज्याचं झाड म्हणजे निळा स्प्रूस, नाताळात सजवतात तसलं सुईपानांचं झाड, आणि आमच्या हेलम गावात १९७६ सालापासून ठरलेलं होतं की निळा स्प्रूस म्हणजे लॅमार. वर्षातले बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तो टर्कीच्या खुराड्यांना खाद्य पोचवणारा ट्रक चालवायचा, पण ते काम त्याने कधी फारसं मनावर घेतलं नाही.

"ट्रक काय, कुणीही चालवेल," तो म्हणायचा. "झाड व्हायला मुळात अंग लागतं."

अंग होतंच. वर निमुळता, खाली पसरलेला, असा देवाने घडवलेलाच माणूस तो. त्याच्या बायकोने, आर्व्हिलाने, निळसर कापडाची तीन हजारांवर सुईपानं कापली आणि एकेक करून एका अंगरख्यावर शिवली. हात आतच राहायचे, बाह्या खालच्या फांद्यांत शिवून टाकलेल्या. लॅमारला नाक खाजलं तरी मिरवणूक संपेपर्यंत कळ काढावी लागे. चोवीस जुलैला सकाळी सहाला आर्व्हिला त्याला अंगणात उभा करायची, तोंडात टाचण्या धरून पाठीमागून फांद्या आवळायची आणि दरवर्षी तेच म्हणायची, "हलू नकोस. झाडं हलतात का?"

चोवीस जुलै म्हणजे आमचे पूर्वज बैलगाड्या घेऊन या राज्यात उतरले तो दिवस. त्या दिवशी मिरवणूक न काढणारं गाव यूटात शोधून सापडायचं नाही. हेलमची वस्ती चारशे बारा, आणि चारशे बारा जणांना मिरवणुकीत चालायचं असतं. मग बघणार कोण? त्यावर आमच्या वाडवडिलांनी तोडगा काढून ठेवलाय. अर्धं गाव आधी चालतं, अर्धं खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतं. डाकघराच्या वळणावर अदलाबदल होते. बघणारे उठून चालायला लागतात आणि चालणारे त्यांच्या अजून गरम असलेल्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात. राज्यचिन्हांची रांग मात्र दोन्ही फेऱ्यांत चालते, कारण तिला मान आहे.

त्या रांगेत पहिला सीगल. आमच्या राज्याला समुद्र नाही, आणि कायद्यात ज्या जातीचा सीगल लिहिलाय तिचं नावही कॅलिफोर्नियाचं, पण पूर्वजांच्या पिकावर टोळ पडले तेव्हा हेच पक्षी धावून आले, म्हणून आमचा पक्षी तोच. तो व्हायचा डेव्हॉन बीसली, लॅमारचा शेजारी आणि लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्यामागे एल्क हरीण, मग मासा, लिलीचं फूल, बिडाचं पातेलं आणि जेली. हसू नका. बिडाचं पातेलं हे यूटाचं अधिकृत स्वयंपाकाचं भांडं आहे आणि जेली हा अधिकृत खाऊ आहे. शहाण्यासुरत्या माणसांनी विधानभवनात बसून तसं ठरवलंय. शेवटी मधमाश्यांचं पोळं, राज्याचं मानाचं चिन्ह, कारण आमच्या राज्याचं ब्रीदच मुळी 'उद्योग'. हे पोळं म्हणजे सिस्टर लॅरू टॉल्मन; आमच्या चर्चमध्ये सगळेच एकमेकांना ब्रदर नाहीतर सिस्टर म्हणतात. मिरवणुकीची सगळी सूत्रं तिच्या हातात, आणि नियम म्हणजे नियम ही तिची ख्याती. दोन मिनिटं उशीर झाला म्हणून तिने स्वतःच्याच नवऱ्याला, म्हणजे एल्कला, एकदा घरी पाठवलं होतं.

आमच्याकडे एकदा जबाबदारी मिळाली की ती आपण सोडायची नसते. ती काढून घ्यावी लागते, आणि तीही चारचौघांत, आभार मानून. चर्चमध्ये असतं तसंच. वडीलधारं कुणीतरी उभं राहून म्हणतं, अमक्यांना आभारासह मोकळं करावं, ज्यांना मान्य त्यांनी हात वर करावा. सगळे उजवा हात वर करतात. मग विचारतात, कुणाचा विरोध? विरोध नसतो. हेलमच्या इतिहासात कधी झालेला नाही. आमचे हात जन्मापासून इतके सरावलेत, की 'ज्यांना मान्य' हे शब्द कानावर पडले की हात आपोआप वर जातो, डोकं मागाहून येतं.

तर २०१४ सालच्या वसंतात एका संध्याकाळी डेव्हॉन लॅमारच्या ओसरीत येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला.

"लॅमार, रेडिओ ऐकलास का? तू गेलास."

"कुठे गेलो?"

"कायद्यातून. शाळेतल्या पोरांनी अर्ज केला आणि विधानभवनाने झाड बदललं. आता ॲस्पेन."

लॅमारने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ॲस्पेन? ते पांढरं, काठीसारखं? ज्याची पानं वारा नसतानाही थरथरतात?"

"तेच. कायद्यानं आता तेच."

"बदलेना का. मासा नव्हता का बदलला?"

हे खरं होतं. सत्त्याण्णव साली सरकारने राज्याचा मासा बदलला होता. नव्या माशाच्या गळ्याखाली लाल पट्टा असतो. माशाचं काम करणाऱ्या गृहस्थाने बायकोची लिपस्टिक घेऊन गळ्याखाली रेघ ओढली आणि विषय संपला. लॅमारला वाटलं, आपलंही असंच काहीतरी भागेल.

मे महिन्यात मिरवणुकीची सभा भरली, चर्चच्या मागच्या हॉलात, बास्केटबॉलच्या जाळीखाली. समोर टेबलावर हिरवी जेली होती, वर गाजराचा कीस. ती जेली थोडी कमी पडणार हे लॅमारने आल्याआल्या हेरलं होतं आणि त्याचं सगळं लक्ष तिकडे होतं. सिस्टर लॅरू नेहमीप्रमाणे कागदावरून वाचत होती. घोड्यांची लीद कोण उचलणार, अग्निशामक गाडी किती वाजता... आणि त्याच सुरात, एक स्वल्पविरामही न बदलता, ती म्हणाली, "ब्रदर लॅमार जॉर्गनसन यांना झाडाच्या जबाबदारीतून आभारासह मोकळं करावं, असा प्रस्ताव आहे. ज्यांना मान्य, त्यांनी हात वर करावा."

सगळे हात वर गेले. लॅमारचाही.

"कुणाचा विरोध?"

लॅमार जेलीकडे बघत होता.

"मंजूर. नवीन झाड म्हणून माझे जावई ब्रॅडी यांना नेमावं, ज्यांना मान्य..."

परत हात वर. लॅमारचा सगळ्यांत उंच, कारण अंगच तेवढं.

डेव्हॉनने त्याला कोपराने ढोसलं. "अरे गाढवा, काय केलंस हे?"

"काय केलं?"

"स्वतःलाच काढलंस की! हात कशाला वर केलास?"

लॅमारने आपल्या हाताकडे बघितलं. तो अजून वरच होता. "मला वाटलं आभार मानतायत," तो म्हणाला. "आभाराला कसा नाही म्हणू?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या दिवशी त्याने जेलीही खाल्ली नाही, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. सिस्टर लॅरू उभी, हातात झाकलेलं मोठं भांडं. लॅमारने झाकण उचललं. आत चीज आणि मलईत भाजलेले बटाटे. आमच्याकडे घरात कुणी गेलं की शेजारणी हेच बटाटे आणतात. गावात त्यांना मयताचे बटाटेच म्हणतात.

"कोण गेलं?" लॅमारने घाबरून विचारलं.

"कुणी नाही हो. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"म्हणजे मीच गेलो."

"ब्रदर जॉर्गनसन, मनाला लावून घेऊ नका. कायदा बदलला, मी काय करणार? ब्रॅडी सहा फूट चार इंच आहे, गोरा आहे, काटकुळा आहे. जावई आहे म्हणून नाही म्हणत मी, तो जन्मतःच ॲस्पेन आहे."

"मग मला जुनं झाड म्हणून चालू द्या. बीट नाही का? बीट आता कुणी पिकवत नाही, तरी कायद्यात 'ऐतिहासिक भाजी' म्हणून ठेवलंय. तसा मी ऐतिहासिक झाड."

लॅरूने विचार केला. ती अन्यायी बाई नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. "बीटासाठी विधानभवनाने वेगळा ठराव केलाय. तुमच्यासाठी केला तर मी स्वतः तुमच्यापुढे बिगूल वाजवत चालेन. नाहीतर एक जागा रिकामी आहे."

"कुठली?"

"राज्याचा खडक. दगडी कोळसा. कायद्यात आहे, पण व्हायला कुणी तयार नाही. चालायचंही नाही, ट्रॉलीत नुसतं पडून राहायचं."

लॅमारचं तोंड लाल झालं. "अडतीस वर्षं ताठ उभा राहिलो मी, सिस्टर टॉल्मन. आता या वयात मला लोळायला सांगता?"

बटाटे मात्र त्याने ठेवून घेतले. अन्नावर राग काढायची आमच्याकडे रीत नाही.

मग त्याने आपल्या आमदाराला पत्र लिहिलं. जन्मात पहिल्यांदाच. चार पानं लिहिली, त्यात तीन पानं अंगरख्याची मापंच होती. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'राज्याच्या वृक्षसंपदेविषयी आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार', आणि सोबत एक रंगीत पत्रक, 'आपलं यूटा'. पंचेचाळिसावं राज्य. स्थापना ४ जानेवारी १८९६. राजधानी सॉल्ट लेक सिटी. पक्षी, प्राणी, मासा, फळ चेरी, भाजी कांदा, आणि झाड... ॲस्पेनचं गोड चित्र. लॅमारने पत्रक उलटंसुलटं करून बघितलं, कुठे कोपऱ्यात तरी आपण आहोत का म्हणून. नव्हता.

"परत आभार," तो डेव्हॉनला म्हणाला. "या राज्यात माणसाला मारायचं झालं तर आभार मानूनच मारतील."

"सोड ना आता," डेव्हॉन म्हणाला. "सत्तरीला आलास. जुलैच्या उन्हात तीन हजार पानं अंगावर घेऊन घाम गाळायचा, याची हौस कसली? मी तर मोकळा झालो असतो तर नाचलो असतो."

आर्व्हिलाला जाऊन चार वर्षं झाली होती. अंगरखा तिच्याच कपाटात, तिच्याच कपड्यांशेजारी लटकलेला असायचा. ती गेल्यापासून चोवीस जुलैला टाचण्या लावायला डेव्हॉनच यायचा, सीगलची चोच कपाळावर सरकवून.

"मला झाडाचं काय पडलंय रे," लॅमार म्हणाला. "तो अंगरखा घातला ना, की ती पाठीमागे उभी असते. टाचण्या तोंडात धरून. त्या दिवशी ती असते. बाकीचे दिवस नसते. आणि तो एक दिवसही मी हात वर करून देऊन टाकला."

डेव्हॉन आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढून म्हणाला, "मला एक सांग. मिरवणुकीत चालायला परवानगी लागते. पण झाडाला रस्त्याच्या कडेला उभं राहायला कुणाची परवानगी लागते?"

लॅमारने मान वर केली.

चोवीस जुलैला सकाळी आठ वाजता डाकघराच्या वळणावर, झेंड्याचा खांब आणि कचऱ्याची पेटी यांच्या मधोमध, एक निळा स्प्रूस उभा होता. पहिल्यांदा कुणाला काही वाटलंच नाही. एका आजीबाईंनी आपली खुर्ची त्याच्या सावलीत ओढली आणि म्हणाल्या, "बरं झालं नगरपालिकेने झाड लावलं ते." एक कुत्रं आलं, हुंगलं, आणि त्याने आपलं मत पाय वर करून नोंदवलं. लॅमार हलला नाही. हात आत, फांद्यांत अडकलेले. हलणार तरी कसा?

तेवढ्यात रांग निघाली. पुढे सीगल डेव्हॉन, टोळ म्हणून पोरांकडे खायच्या काळ्या गोळ्या फेकत. मागे एल्क, मासा, लिली, पातेलं, जेली, आणि जेलीच्या मागे नवीन झाड. ब्रॅडीला पांढऱ्या पाइपात घातलं होतं आणि सासूबाईंची सक्त ताकीद होती, की पानं सतत थरथरली पाहिजेत. बिचारा दर पावलाला स्वतःला गदागदा हलवत होता. लोकांना वाटलं त्याला ऊन लागलं. कुणीतरी पाणी घेऊन धावलं.

वळणावर पोळं थांबलं. पोळ्याला हातांसाठी बाजूला भोकं होती आणि डोळ्यांसाठी समोर दोन, त्यातून सिस्टर लॅरूचे डोळे झाडावर खिळले. तिने कर्णा तोंडाला लावला.

"ब्रदर जॉर्गनसन! आपण मिरवणुकीत आहात का?"

"नाही," झाड म्हणालं.

"मग हे काय आहे?"

"मी रस्त्याच्या कडेचं झाड आहे."

"कुठल्या नियमाने?"

"झाडाला कसला आलाय नियम, सिस्टर टॉल्मन?"

आजूबाजूला हशा पिकला. लॅरूला हसणं खपत नाही. तिने हुकूम सोडला, "माझ्या गाडीतून जुन्या नोंदींची वही आणा. रस्त्याच्या कडेला कुणी काय होऊन उभं राहायचं, याचा काहीतरी ठराव असणारच." पोळं गाडीत शिरत नसल्यामुळे तिला स्वतःला जाता येत नव्हतं. तिचा नवरा, एल्क, शिंगं सांभाळत गेला आणि वही घेऊन आला. मिरवणूक उन्हात ताटकळत राहिली. जेली वितळायला लागली. म्हणजे जेली झालेल्या बाईंचा रंग ओघळायला लागला.

लॅरूने पानं उलटली. ९०, ८४, ७९... आणि १९७६ वर येऊन थांबली. वाचलं. परत वाचलं. ती वही मिटू शकली असती. तिथं काय लिहिलंय ते दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. पण खोटं बोलणं हे त्या बाईच्या रक्तातच नाही. तिने कर्णा परत तोंडाला लावला, आणि आता आवाज जरा खाली आला होता.

"बंधूंनो आणि भगिनींनो, कामकाजात एक चूक राहून गेलीय. चूक माझी आहे. वहीत लिहिलंय, 'झाडाची जबाबदारी: सिस्टर आर्व्हिला जॉर्गनसन, बनवणं आणि अंगावर चढवणं. ब्रदर लॅमार, आत उभं राहणं.' ही जबाबदारी दोघांची होती. मे महिन्यात आपण फक्त ब्रदर लॅमारना मोकळं केलं. सिस्टर आर्व्हिलाला..." ती थांबली. "तिला कुणीच मोकळं केलेलं नाही. तिचे आभार कधी मानलेले नाहीत. कायद्याने झाड बदललं, पण वहीप्रमाणे तिची जबाबदारी अजून चालू आहे."

नेमकी ती अदलाबदलीची वेळ, त्यामुळे अर्धं गाव उठत होतं आणि अर्धं बसत होतं. सगळे तसेच वाकलेले राहिले.

"तेव्हा नियमाप्रमाणे," लॅरू म्हणाली, "सिस्टर आर्व्हिला जॉर्गनसन यांना झाडाच्या जबाबदारीतून आभारासह मोकळं करावं. ज्यांना मान्य, त्यांनी हात वर करावा."

चारशे बारा माणसं. जन्मभराची सवय. मी स्वतः तिथं होतो. माझा हात मांडीवरून निघाला होता हे कबूल करतो. अर्ध्यावर आला आणि तिथंच थिजला. मी आजूबाजूला बघितलं. सगळ्यांचे हात असेच खालच्या खाली थांबलेले. एल्कने तर आपला उजवा हात डाव्याने गच्च धरून ठेवला होता. सिस्टर लॅरूचा हात पोळ्याच्या बाजूच्या भोकातून सवयीने बाहेर आला, क्षणभर हवेत राहिला, आणि हळूच आत गेला.

एकही हात वर नव्हता. हेलममध्ये असं कधी झालं नव्हतं. आणि लॅमारचा जो हात मे महिन्यात आपणहून वर गेला होता, तो आर्व्हिलाने अडतीस वर्षांपूर्वी फांदीत शिवून ठेवलेला होता. तो जाणार तरी कुठे?

"कुणाचा विरोध?" लॅरूने विचारलं, कारण विचारावं लागतं.

आजीबाई तेवढ्या खुर्चीतून म्हणाल्या, "कशाला मोकळी करता पोरीला? चांगलं काम करतेय."

लॅरूने वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मी मुद्दाम जाऊन बघितलं. लिहिलंय, 'प्रस्ताव नामंजूर. जबाबदारी पुढे चालू.' मग ती कर्ण्यातून खेकसली, "झाड मिरवणुकीच्या बाहेर काय करतंय? चला, रांगेत! ब्रॅडी, सरक पुढे, आणि ते हलणं जरा कमी कर, बघवत नाही."

डेव्हॉन पंख सावरत धावत आला. स्प्रूसची मागची एक फांदी सुटून लोंबत होती. त्याने टाचणी तोंडात धरली आणि ती आवळायला लागला, पण टाचणी काही केल्या लागेना. फांदी हातात ठरतच नव्हती. तीन हजार पानं, वरपासून खालपर्यंत, सगळी थरथर कापत होती. वाऱ्याचा मागमूस नव्हता.

"हलू नकोस रे," डेव्हॉन म्हणाला. "झाडं हलतात का?"

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. पुसायला हात मोकळा नव्हता ना.

"आता हलतात," लॅमार म्हणाला. "विचार सरकारला."